सहा कार्डं, दिसतात चारच

२०२१ च्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून भाच्याचा फोन आला. तो तेव्हा ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करायचा, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करून घेऊन ते चलन कमवायचा. "मामा, सहा कार्डं लावल्यात, मशीन चारच दाखवतंय. दुकानदार म्हणतोय बोर्ड बदला."

"बोर्डाला हात लावू नकोस, येतो."

उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणलेल्या अँगलच्या सांगाड्यावर सहा ग्राफिक्स कार्डं ओळीनं टांगलेली, खाली मदरबोर्ड उघडाच. त्यावर लांब स्लॉट एकच, बाकीचे इंचभराचे. प्रत्येक स्लॉटातून रायझरची, म्हणजे कार्ड बोर्डापासून लांब टांगता यावं म्हणून लावायच्या जोडणीची, केबल निघून कार्डापर्यंत गेलेली. ती दिसते यूएसबीची, पण तिच्यातून धावते पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याची, एकच लेन. कार्डाला सवय सोळा लेनची!

मग कमाई घटत नाही का? नाही. इथेरियमच्या मायनिंगला लागणारा चार जीबीहून मोठा तक्ता कार्ड स्वतःच आपल्या मेमरीत तयार करून ठेवायचं. बाहेरून यायची ती ३२ बाइटची चिठ्ठी, साधारण १३ सेकंदांनी एक. तालमीत वस्ताद कडेला बसून "मार शंभर जोर" एवढंच म्हणतो, घाम गाळायचा पैलवानानं. तसंच हे. कार्ड सेकंदाला कोट्यवधी आकडे तपासणार, आणि जुळला तर तेवढाच परत सांगणार.

दोन कार्डं हरवली होती ती पत्त्यांच्या टंचाईमुळे. प्रोसेसरला कार्डाशी बोलायचं तर कार्डाला पत्त्यांचा एक पट्टा नेमून द्यावा लागतो, बहुतेकदा २५६ एमबीचा. जुन्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून चार जीबीच. त्यात रॅम आणि बोर्डावरच्या बाकीच्या चिप्स वाटेकरी. चार कार्डांपर्यंत जागा पुरली, पाचव्याला पत्ताच उरला नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' नावाची सेटिंग असते (मोबाइलच्या फोर-जीशी तिचं काही नातं नाही). ती चालू केली की चार जीबीच्या पलीकडचे पत्तेही वाटता येतात. चालू केली, सहाही कार्डं आली. नव्या बोर्डाचा खर्च वाचला.

अर्ध्या तासानं त्यातलं एक गळलं.

स्लॉटचा वेग 'ऑटो'वर होता. जोडणी आधी पीसीआय एक्स्प्रेसच्या पहिल्या पिढीच्या वेगानं, सेकंदाला अडीचशे कोटी बिटांनी, सुरू होते आणि जमेल तसा वेग चढवते. तिसऱ्या पिढीत आकडा आठशे कोटींवर जातो. तारेत सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पहिल्या पिढीत एक बिट तारेत ८ सेंटिमीटर जागा घेतो, तिसरीत जेमतेम अडीच. शिवाय वेग वाढेल तसा सिग्नल तारेत जास्त विरतो. साठ सेंटिमीटरच्या स्वस्त केबलीत असे चोवीस बिट एकामागोमाग घुसले की ते एकमेकांत मिसळायला लागतात, चुका वाढतात, कार्ड गायब. वेग 'जेन वन'वर, म्हणजे पहिल्या पिढीवर, बांधून टाकला. लेनला सेकंदाला २५० एमबी मिळतात तेव्हाही. ३२ बाइटच्या चिठ्ठीला तेवढे म्हणजे चैनच.

निघताना करपलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. एका रायझरला वीज साटाच्या पिनवरून (डिस्कला वीज देणाऱ्या प्लगवरून) दिलेली, पिन तपकिरी पडलेली. स्लॉटमधून, म्हणजे इथं रायझरमधून, कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. साटाची पिन १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५४ वॅट झेपवते. बायोसमध्ये याचा इलाज नाही. ती वायर मी तिथल्या तिथं काढायला लावली. पावसात लाइट जाते-येते, ते दुखणं वेगळंच.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगच बंद केलं. भाच्यानं पाच कार्डं विकली, एक ठेवलं. हल्ली त्यावर तो भाषेची छोटी एआय मॉडेलं चालवतो, आणि इथं सगळा हिशेब उलटा. आठ जीबीचं मॉडेल रायझरवरून कार्डात भरायला कमीत कमी ३२ सेकंद. लांब स्लॉटात, तिसऱ्या पिढीच्या वेगानं, एक सेकंदही नाही. कार्ड लांब स्लॉटात गेलं, सेटिंग पुन्हा 'ऑटो'वर आली. आता अडतं ते एसएसडीपाशी, म्हणजे मॉडेल जिथून वाचायचं त्या डिस्कपाशी.