चार चमचे वाफ आणि कुत्र्याचा पिंजरा

मे महिन्यातल्या सोलापुरात चष्म्यावर वाफ धरत नाही. एसीच्या खोलीतून भर दुपारी अंगणात आलं तरी काच कोरडी ठणठणीत. म्हणून मध्यंतरी जुळे सोलापूर भागात आतेभावाकडे जिन्याखालच्या डब्यात डोकं घातलं आणि चष्मा पांढराफटक झाला, तेव्हा ब्रुनोला बाहेर काढायचं सोडून मी आधी चष्म्याकडेच बघत बसलो. जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम.

ब्रुनो म्हणजे तीस किलोचा लॅब्राडोर. डबा म्हणजे विमानप्रवासाला वापरतात तो जाड प्लॅस्टिकचा क्रेट. पुढे जाळीचं दार, बाजूंना बोटभर रुंदीच्या खिडक्या. त्यावर चारी बाजूंनी आपली जेकार्डची सोलापुरी चादर, दुहेरी घडी करून. का, तर "कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला अंधार आणि बंदिस्तपणा आवडतो" असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. मी चादर ओढली तर भाऊ म्हणाला, "विमानात चालतंय बे, जिन्याखाली न चालायला काय झालं?"

गुहेचं आधी उरकतो. लांडग्याची मादी बीळ धरते ती पिलं देण्यापुरती. पिलं दोन-अडीच महिन्यांची झाली की बीळ सुटतं. मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची बिळं पाहिली, तीसुद्धा पिलांसाठीच असतात, आणि बहुतेक माणसांच्या वस्तीला चिकटून. कुत्र्याला कोपरा आवडतो, पाठीला भिंत आवडते, हे खरं. पण त्यावरून तो गुहावासी ठरत नाही. आपल्यालाही खिडकीजवळची सीट आवडते, म्हणून आपण काही पक्षी नाही.

आता चष्मा. बाहेर ४१ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरू. म्हणजे एक घनमीटर हवेत साधारण ११ ग्रॅम वाफ. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, १३ अंशांच्या आसपास. माझ्या चष्म्याची काच एसीतून आलेली, २५ अंशांची. त्यामुळे अंगणात तिच्यावर दव बसण्याचं काही कारण नाही. डब्यात बसलं, याचा अर्थ तिथला दवबिंदू २५च्या वर गेला होता. घनमीटरला निदान २२ ग्रॅम वाफ, म्हणजे बाहेरच्या निदान दुप्पट. ही वाफ आली कुठून? ब्रुनोच्या नाकातोंडातून. आणि ती तिथेच कोंडली गेली होती. क्रेट घेताना लोक रंग बघतात, गादी बघतात, किंमत बघतात. आपल्या गावात पहिली बघायची गोष्ट ही वाफ.

कारण कुत्र्याला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर येतो, पण तेवढ्याने अंग गार होत नाही. त्याच्याकडे एकच कूलर, ल्हाल्हा करणं. आणि तो कूलर इतका सुंदर आहे की थोडं विषयांतर सोसा.

कुत्रा साधा श्वास मिनिटाला वीस-तीस वेळा घेतो. तापला की एकदम तीनशेच्या घरात. मधले शंभर, दीडशे असे टप्पे तो सहसा घेत नाही. उकाडा कमी असेल तर थोडा वेळ धापा टाकेल, मग थांबेल, पुन्हा टाकेल. उकाडा जास्त असेल तर सलग टाकत राहील, पण वेग जवळपास तोच. हे कोडं १९६२ मध्ये क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने सोडवलं. छातीचा पिंजरा, फुप्फुसं आणि त्यातली हवा मिळून एक स्प्रिंग बनते आणि तिची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे पाच भरते. पाच गुणिले साठ, तीनशे! नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याच्या लयीत बोटभर रेटा दिला तरी तो आभाळाला जातो. लय सोडून ढकलाल तर खांदे भरून येतात. शाळेत ज्याला आपण अनुनाद म्हणून शिकलो, तो हाच. कुत्रा आपल्या छातीच्या लयीवर धापा टाकतो, म्हणून स्नायूंना काम थोडं आणि त्यांची स्वतःची उष्णताही थोडी. ही लय नसती तर धापा टाकण्याच्या कष्टानेच तो आणखी तापला असता.

दुसरी गंमत वाटेची. १९७० मध्ये श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की धापा टाकताना हवा मुख्यतः नाकाने आत जाते आणि तोंडाने बाहेर पडते. नाकात पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, अळूवडीच्या वेटोळ्यांसारख्या, त्यांवर ओलं अस्तर. आत जाणारी कोरडी हवा त्यांवरून घासत जाते, पाणी वाफ होऊन उडतं आणि अस्तराखालचं रक्त गार होतं. हवा त्याच वाटेने परतली असती तर गार झालेल्या अस्तरावर वाफेचं पुन्हा पाणी होऊन उष्णता परत मिळाली असती. म्हणून तोंडाने थेट बाहेर. शिवाय धाप उथळ असते, हवा बरीचशी नाक-घशातच ये-जा करते. फुप्फुसाच्या तळापर्यंत इतक्या वेगाने गेली तर रक्तातला कार्बन डायॉक्साइड धुऊन निघेल. आणि या अस्तराला पाणी पुरवायला नाकाच्या बाजूला एक खास ग्रंथी आहे, सतराव्या शतकातल्या स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी. कुत्र्याचं नाक ओलं असतं त्यात तिचाही वाटा आहे.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. (आहारातल्या कॅलरी नव्हेत, त्या किलोकॅलरी असतात.) आता ब्रुनोचा हिशेब मांडू. तीस किलोचा कुत्रा नुसता पडून राहिला तरी त्याच्या अंगात ताशी ३५ ते ४० किलोकॅलरी उष्णता तयार होते. हवा अंगापेक्षा गार असेल तर ही उष्णता बरीचशी अशीच निघून जाते. पण कुत्र्याचं अंग ३८-३९ अंशांचं आणि हवा ४१ची. म्हणजे तो रस्ता उलट दिशेने वाहतोय. राहिलं फक्त बाष्पीभवन. भागाकार केला तर ताशी ६५ ग्रॅम पाणी उडायला हवं.

क्रेट ४२ इंच लांब, २८ रुंद, ३० उंच. आतला कुत्रा वजा करून हवा सुमारे साडेपाचशे लिटर. बाहेरची हवा भरली तेव्हा तिच्यात वाफ सहा ग्रॅम. ओल्या जिभेवरचा बाष्पदाब आणि हवेतल्या वाफेचा दाब सारखे झाले की बाष्पीभवन थांबतं, मग कुत्रा कितीही धापा टाको. ती पातळी या डब्यासाठी सुमारे २५ ग्रॅम. मधला फरक एकोणीस-वीस ग्रॅम. चहाचे चार चमचे! ताशी ६५च्या वेगाने हे चार चमचे वीस मिनिटांच्या आत भरतात. डबा पूर्ण हवाबंद असेल तर, हे मान्य, खिडक्या असतात. पण त्या खिडक्या कशासाठी असतात आणि त्यांवर चादर टाकली की काय होतं, ते यावरून कळावं.

पंख्याचा हिशेबही इथेच लागतो. आपल्याला पंखा लागतो तो घामामुळे. कुत्र्याच्या केसाळ अंगावर ४१ अंशांचा वारा सोडून अंग गार होत नाही. पंखा त्याचे चार चमचे बाहेर फेकतो, एवढंच त्याचं काम, आणि ते फार मोठं आहे.

तेव्हा सोलापुरात घरात ठेवायला घडीचा, चारी बाजूंनी जाळीचा लोखंडी क्रेट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकचा डबा डॉक्टरकडे न्यायला किंवा प्रवासाला. कापडी क्रेट कुत्रा दोन दिवसांत कुरतडतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला क्रेट लावू नका. ती भिंत रात्री दहापर्यंत भट्टीसारखी धगधगत असते. ओलं करायचंच असेल तर आपला टर्किश टॉवेल भिजवून एकाच बाजूला टांगा, त्यामागे पंखा, समोरची बाजू मोकळी. वाळ्याच्या ताटीची हीच युक्ती. मात्र जुलैत पाऊस लागला की हे बंद, कारण तेव्हा हवेत आधीच वाफ भरलेली असते. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नाकातली वेटोळी दाटीवाटीची, वाट अरुंद; त्यांच्या बाबतीत सगळे हिशेब आणखी कडक धरा.

मापाचं म्हणाल तर दुकानातला वजनाचा तक्ता बाजूला ठेवा. माझ्याकडे कारवान जातीची कुत्री आहे, मुधोळच्या बाजूची. वजन २२ किलो. तक्त्याप्रमाणे ३६ इंची क्रेट, म्हणजे उंची सुमारे २५ इंच. आमची बाई मान ताठ करून उभी राहिली की ३४ इंच! वजनाचा तक्ता लॅब्राडोरसारख्या पिंपांसाठी असतो, काठीसारख्या कुत्र्यांसाठी नाही. टेप घ्या. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, त्यात चारेक इंच मिळवा. उभं असताना डोक्यापर्यंत उंची, त्यात दोन-तीन इंच. आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. विमानासाठी आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, सूत्र वेगळं: नाक ते शेपटीचं मूळ, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं, ही लांबी, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. आणि "आयाटा मान्यताप्राप्त" असं लिहून विकणाऱ्यांना सांगा की ती संस्था कुठल्याच ब्रँडला मान्यता देत नाही, फक्त नियम देते.

मी शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डमेशचा करून घेतला, ३६ इंच उंचीचा. तो जस्त चढवलेली जाळी लावत होता, मी साधी जाळी लावून पावडर कोटिंग करून घेतलं. कुत्रा जाळी चावत बसतो, आणि जस्ताचे कपचे पोटात गेले तर आम्लात विरघळून तांबड्या पेशी फोडतात. जाळीची कापलेली टोकं आतून हात फिरवून बघा. माझ्या मनगटावर अजून ओरखडा आहे. कुत्र्याला आत सोडताना गळ्यातला पट्टा काढा, तो जाळीत अडकतो.

पिलू असेल तर मोठा क्रेट घेऊन मध्ये जाळीचा पडदा टाकावा, नाहीतर ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला घाण करतं. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला सिद्धेश्वर यात्रेच्या दारूकामाच्या रात्री कडी लावून कोंडू नका. घाबरलेला कुत्रा जाळीवर दात तोडून घेतो. दार उघडं असू द्या, हवं तर तो जाईल आत. चादर टाकायची तर ती जानेवारीत, तीही तीन बाजूंना.

बाकी बाजारात काय काय मिळतं! कूलिंग जेलची गादी: खोली ४१ अंशांची असेल तर तीही तासाभरात ४१चीच होते, तिला काही निराळे नियम लागू नाहीत. एका ओळखीच्या गृहस्थांनी क्रेट वास्तूप्रमाणे आग्नेयेला ठेवला होता, वर लिंबू-मिरची बांधून. आग्नेय दिशा त्यांच्या घरात स्वयंपाकघरात येते. गॅसपासून चार फुटांवर.

ब्रुनोला त्या दुपारी बाहेर ओढलं, पोटावर आणि मांड्यांत नळाचं पाणी मारलं, पंख्यासमोर बसवलं. दहा मिनिटांत धापा कमी झाल्या. तापमान ४१ अंशांच्या वर गेलं असतं किंवा तो लडखडला असता तर पाणी मारतच डॉक्टरकडे पळावं लागलं असतं. आठवड्याने भावाने जाळीचा क्रेट आणला. मी पुन्हा एसीत बसून, चष्मा गार करून आत डोकं घातलं. काच कोरडी.

प्लॅस्टिकच्या डब्यात आता वहिनींनी मार्केट यार्डातून आणलेले पंधरा किलो कांदे आहेत. चादर नसल्याने खिडक्यांतून हवा लागते, टिकतात म्हणे. दाराला मात्र कडी असते, कारण कांदाही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि ब्रुनो अजून रोज त्या दारापाशी जाऊन हुंगतो.