मध्ययुगीन वनस्पतिग्रंथांच्या पहिल्या छापील आवृत्त्या : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडील जुन्या ग्रंथपृष्ठांसोबत दिलेल्या चिठ्ठीवर बहुधा दोन साले असतात. एक मजकूर लिहिल्याचे आणि दुसरे तो छापल्याचे असून, दोहोंत कधीकधी शतकांचे अंतर पडते. कोनराड फॉन मेगेनबर्गने चौदाव्या शतकाच्या मध्यास जर्मन भाषेत रचलेला निसर्गविषयक ग्रंथ आउग्सबुर्ग येथे १४७५ साली छापला गेला, तर हिल्डेगार्ड या मठाध्यक्षेचे बाराव्या शतकातील वनस्पती व प्राणी यांविषयीचे लेखन स्ट्रासबुर्गच्या योहान शॉटने १५३३ साली प्रथम छापले. छपाईचे साल अलीकडचे म्हणून त्यातील ज्ञानही अलीकडचे, असे समजू नये.

चित्रांविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण चित्रातील झाड प्रत्यक्ष झाडासारखे का दिसत नाही, ही विचारणा वारंवार होते. गुटेनबर्गच्या छापखान्यात काम केलेल्या पीटर शोफरने माइन्त्स येथे १४८५ च्या मार्चमध्ये ‘गार्ट डेर गेझुंटहाइट’ हा औषधी वनस्पतींचा जर्मन ग्रंथ काढला. अनेक वनस्पती जर्मन भूमीत उगवत नसल्याने त्या केवळ ऐकीव माहितीवरून काढवून घेणे योग्य नव्हे, म्हणून काम अर्धवट ठेवून आपण चित्रकारासह पवित्र भूमीच्या (जेरुसलेम परिसराच्या) यात्रेस गेलो, असे त्याच्या पुरस्कर्त्याने प्रस्तावनेत लिहिले आहे. तरीही त्यातील थोडीच चित्रे जिवंत झाडावरून काढल्यासारखी वाटतात. उरलेली जुन्या हस्तलिखितांच्या वळणाची आहेत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या शोन्स्पर्गरने या ग्रंथाची नक्कल बाजारात आणली, आणि नकलेवरून नक्कल होत गेली तशी पाने-फुले अधिकच ठोकळेबाज होत गेली. माइन्त्समध्येच १४९१ साली निघालेल्या ‘हॉर्टस सॅनिटाटिस’मध्ये तर मँड्रेक या औषधी वनस्पतीच्या मुळाला स्त्रीपुरुषांची शरीरे आहेत. आमच्या मते हीच पृष्ठे सर्वांत मोहक आहेत. मात्र त्यांवरून वनस्पती ओळखू नये आणि त्यांतील औषधयोजना मुळीच करून पाहू नये. जिवंत नमुन्यावरून काढलेली चित्रे हवी असल्यास वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रुन्फेल्सचा १५३० पासून निघू लागलेला ग्रंथ पाहावा; तोही शॉटच्याच छापखान्यातला आहे.

पंधराव्या शतकातील पुष्कळ ग्रंथांना आजच्यासारखे शीर्षकपृष्ठ नसते. मुद्रक, गाव व तारीख असल्यास ती अखेरच्या पुष्पिकेत, म्हणजे ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या नोंदीत, सापडतात. त्यामुळे सुटे पान कोणत्या आवृत्तीचे, हे अक्षरांचे वळण, ओळींची संख्या आणि चित्राच्या लाकडी ठशाचे बारकावे ताडूनच ठरवावे लागते. ते निश्चित झाले नसल्यास चिठ्ठीवर तसे नमूद केलेले असते.

मूळ पान चिंध्यांपासून हाताने बनवलेल्या कागदावर असते. उजेडासमोर धरल्यास त्यात जाळीच्या रेषा आणि क्वचित जलचिन्ह दिसते, तर लाकडी ठशाचा दाब मागच्या बाजूस बोटांना जाणवू शकतो. आधुनिक ऑफसेट पुनर्मुद्रणात भिंगाखाली रंगीत ठिपके दिसतात.

ठशाने केवळ काळ्या रेषा उमटत. रंग मागाहून हाताने भरला जाई, कधी त्याच काळात, तर कधी अगदी अलीकडे विक्री वाढावी म्हणून. जुन्या हिरव्या रंगात पुष्कळदा जंगाल (तांब्यापासून बनवलेला हिरवा रंग) असे आणि ते कागद खाते, म्हणून पानामागे तपकिरी डाग दिसल्यास ते पुसण्याचा किंवा धुण्याचा प्रयत्न न करता पान आमच्याकडे आणावे. चौकट उन्हाच्या आणि ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये, काच पानाला चिकटू देऊ नये, आणि पाठीमागचा पुठ्ठा आम्लरहितच असावा.