कला केंद्राच्या इमारतीचा डिझाइन कन्सेप्ट

कन्सेप्ट म्हणजे इमारतीमागचा तो एक निर्णय, ज्याच्या जोरावर पुढचे शंभर निर्णय घेता येतात. बरेच जण त्याला थीम समजतात, म्हणजे संगीताची इमारत आहे ना, मग करा व्हायोलिनच्या आकाराची. तो कन्सेप्ट नाही, तो नुसता वेष झाला.

कलादालन, नाट्यगृह, स्टुडिओ, वर्कशॉप असं सगळं एकत्र असलेल्या इमारतीत खरी गोची वेगळीच असते. आत काम करणाऱ्याला शांतता हवी, उत्तरेचा एकसारखा उजेड हवा, पसारा मांडायला जागा हवी, आणि बाहेरून येणाऱ्याला काय चाललंय ते बघायचं असतं, तेही शक्यतो तिकीट न काढता. या दोघांमधली रेषा कुठे ओढायची, आणि ती भिंत असावी की काच की नुसत्या चार पायऱ्या, माझ्या मते कन्सेप्टचा ऐंशी टक्के भाग इथेच ठरतो.

पॅरिसचं पाँपिदू सेंटर (1977) घ्या. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी साधारण अर्धी साईट मोकळी ठेवून तिथे चौक केला, आणि पाइप, डक्ट, सरकते जिने सगळं बाहेरच्या अंगाला काढलं, निळा हवेला, हिरवा पाण्याला, पिवळा विजेला, लाल माणसांच्या ये-जा करण्याला. लोकांना रंग तेवढे लक्षात राहतात, पण मुद्दा असा की सर्व्हिसेस, म्हणजे हे पाइप-डक्ट वगैरे, बाहेर गेल्यामुळे आतले मजले सलग मोकळे मिळाले. भोपाळच्या भारत भवनात (1982) चार्ल्स कोरियांनी अगदी उलट केलं, इमारत उभी करून दाखवायचीच नाही, तळ्याकडे उतरणाऱ्या गच्च्या आणि त्यांच्या पोटात गॅलऱ्या, माणूस वरून येतो आणि हिंडत हिंडत खाली उतरतो. ऑस्लोच्या ऑपेरा हाउसचं (2008) छतच उतरत पाण्यापर्यंत येतं, ऑपेरा बघायचा नसला तरी वर चालत जाता येतं.

काम सुरू होतं ते ब्रीफ (इमारतीत काय काय हवं याची मागणी) आणि साईटपासून. ऊन कुठून येतं, लोक कुठून कुठे शॉर्टकट मारतात (ही पायवाट हमखास बघावी), आवाज कुठल्या बाजूने येतो वगैरे. मग बबल डायग्राम (कुठली जागा कशाला लागून हवी ते गोल काढून दाखवणारं चित्र), मग बटर पेपरवर जाड पेनाने स्केचेस, एकावर एक कागद ठेवून, आधीचं खाली दिसत राहतं म्हणून. पेन जाडच हवं, बारीक पेन हातात आलं की माणूस दाराच्या कड्या काढत बसतो. आणि प्लॅनसोबत (वरून दिसणारी मांडणी) सेक्शनही (इमारत उभी कापली तर आत दिसेल ते चित्र) लगेच काढावा, कारण कोणाला काय दिसतं, कुठून उजेड पडतो हे प्लॅनमध्ये कळतच नाही. साधं कार्डबोर्डचं मॉडेल पण तेव्हाच.

नंतर बजेट, फायर एस्केप, पार्किंग, माल उतरवायची जागा हे सगळं येतं आणि कन्सेप्टचा कस लागतो. सिडनी ऑपेरा हाउसची स्पर्धा यॉर्न उत्झोनने 1957 ला जिंकली तेव्हा ती शिडासारखी छतं बांधायची कशी हे कोणाला नीट माहीत नव्हतं, उत्तर मिळायला काही वर्षं गेली, छताची सगळी कवचं एकाच गोलातून कापलेली मानायची, म्हणजे तेच साचे परत परत वापरता येतात. इमारत खुली झाली 1973 ला, पण उत्झोन 1966 लाच या कामातून बाहेर पडला होता.