पाच थाऊचा हिशेब

1932 ची फोर्ड, तिच्यात 1955 चं शेव्हरलेचं व्ही-8 इंजिन आणि त्यामागे 1939 च्या फोर्डचा तीन गिअरचा गिअरबॉक्स. अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांची, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांची, ही जुनी, लाडकी खिचडी. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच जुन्या, स्वस्तातल्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, इंजिनात खटपटी करायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावावर गाडी पळवायची. नेमका 1939 चाच डबा, म्हणजे गिअरबॉक्स, का? एक तर त्याचे सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर टाकताना दातांचे वेग जुळवणारे भाग, आधीच्या डब्यांपेक्षा सुधारलेले होते. शिवाय गिअरचा दांडा जमिनीतून वर येत होता. 1940 मध्ये तो स्टिअरिंगखाली गेला. हॉट रॉडवाल्याला दांडा हातात धरून ओढल्याचं समाधान हवं असतं.

पण शेव्हरले आणि फोर्ड या हाडवैरी कंपन्या. एकीच्या इंजिनाची भोकं दुसरीच्या डब्याला कशी जुळणार? म्हणून मध्ये दोघांना जोडणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागचं जड चाक, इंजिनाचं राहतं, पण क्लच प्लेटचा हब डब्याच्या शाफ्टचा, 10 खाचांचा घ्यावा लागतो. क्रँकच्या मागच्या भोकात जी पायलट बुश बसते तिचा बाहेरचा व्यास शेव्हरलेचा आणि आतला फोर्डचा. एवढं झालं की बोल्ट आवळले जातात आणि डबा बसल्यासारखा दिसतो.

बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

डब्याच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकमधल्या बुशमध्ये टेकतं आणि मागची बाजू डब्याच्या बेअरिंगमध्ये. म्हणजे शाफ्ट एक, पण त्याला धरणारे दोघे, आणि ते दोघे एकाच रेषेत आहेत याची हमी कोणी दिलेली नसते. इंजिन ब्लॉक, बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेसारखं आवरण), अ‍ॅडॅप्टर, डबा. प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी चूक साचत जाते. मधलं भोक अर्धा मिलिमीटर बाजूला सरकलं तर डोळ्याला काहीच कळत नाही. पण 3000 आरपीएमला शाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याला थोडं वाकवलं जातं. बुश खाल्ली जाते, क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही, उतारावर गिअर आपोआप बाहेर येतो. मग दोष बिचाऱ्या जुन्या डब्याच्या माथी.

तपासायचं कसं, तर डबा चढवण्याआधी डायल गेज (बारीक सरक काट्याने दाखवणारं माप) फ्लायव्हीलला चिकटवायचं, त्याचं टोक हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा. घाई करायची नाही. काटा सरकतो, थांबतो, परत येतो. पूर्ण फेऱ्यात तो जेवढा सरकला त्याच्या निम्मी केंद्रातली चूक. सर्वसाधारण नियम असा की ही चूक पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या पाचपटीच्या आत हवी. मिलिमीटरमध्ये सुमारे 0.13, डोक्याच्या दोन केसांच्या जाडीइतकी. जास्त निघाली तर हाउसिंगची जागा पक्की धरणाऱ्या साध्या डॉवेल पिना काढून विकेंद्री पिना घालतात. अशा पिनेची दोन टोकं एका अक्षावर नसतात, त्यामुळे पिन फिरवली की अख्खं हाउसिंग केसभर सरकतं. पुन्हा गेज, पुन्हा फेरा. अख्खी दुपार यात जाते आणि मला विचाराल तर सगळ्या कामात हीच दुपार सर्वात मोलाची.

मागच्या बाजूला वेगळंच गणित आहे. त्या काळच्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट उघडा नसे. तो एका जाड नळीत बंद असे, तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. तिचं पुढचं टोक गोल सांध्याने डब्याच्या पाठीला टेकलेलं. चाकं रस्त्याला मागे रेटतात, तेव्हा गाडीला पुढे ढकलणारा जोर याच नळीतून डब्याच्या पाठीवर आणि तिथून माउंटमधून चासीवर जातो. म्हणजे हा डबा गिअर बदलतोच, शिवाय गाडी ढकलण्याचा भारही पाठीवर घेतो.

नळीचं दुसरं काम म्हणजे अ‍ॅक्सलला आवरणं. धरा, इंजिनाने 300 न्यूटन-मीटर टॉर्क दिला. पहिला गिअर 2.82, मागचा डिफरन्शियल 3.78, चाकांपाशी जवळपास 3200 न्यूटन-मीटर पोहोचतात. चाकं पुढे फिरतात, म्हणून अ‍ॅक्सलचं घर तेवढ्याच जोराने उलटं वळू पाहतं. नळी दीड मीटर धरली तर तिचं पुढचं टोक दोनशे किलोहून जास्त भाराने वर उचललं जातं. आता कोणी दुसरा डबा घालण्यासाठी ही नळी कापून उघडा शाफ्ट लावला आणि अ‍ॅक्सल धरायला नवे दांडे दिले नाहीत, तर हा जोर जाणार कुठे? अ‍ॅक्सल पिळवटतो, स्प्रिंगांची वाट लागते. उघड्या शाफ्टला दोन क्रॉस, म्हणजे कोनात फिरू देणारे सांधे, लागतात, तेही सारख्या कोनात. दहा अंशांच्या एका क्रॉसमुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा दीड टक्क्याने कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तरच ही थरथर फिटते.

ताकदीचंही बघायला हवं. फोर्डचं 1932 चं व्ही-8 इंजिन 65 अश्वशक्तीचं, तर 1955 च्या शेव्हरलेचं 162 पासून पुढे. पन्नाशीच्या दशकात ड्रॅग शर्यतीत नव्या दमाच्या इंजिनांमागे या डब्यांचे दात तुटायला लागले, तेव्हा बरेच जण 1937 च्या लासाल या गाडीच्या दणकट डब्याकडे वळले. आज ज्याला लांब पल्ला गाठायचा असतो तो सरळ शेव्हरले एस-10 चा पाच गिअरचा टी-5 घालतो. त्याचा दांडा बराच पुढे असल्याने जुन्या छोट्या केबिनमध्ये सीटला अडत नाही. पण 1939 च्या डब्याचा हट्ट असेल तर रबर जाळत सुटायची हौस आवरावी लागते.

आणि पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर दातांचे वेग आपणच जुळवायचे. जुन्या ट्रकवर हात बसलेल्या आपल्याकडच्या ड्रायव्हरला हे शिकवावं लागणार नाही: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, पहिला. कर्रर्र झालं नाही तर जुळलं.