तीन मिनिटं, पाच फोलिएन आणि क्रियापदाची जागा

गोएथे-इन्स्टिट्यूटच्या जर्मन भाषेच्या बी-वन पातळीच्या परीक्षेत श्प्रेशेनला, म्हणजे बोलण्याच्या भागाला, १०० गुण असतात आणि उत्तीर्ण व्हायला ६० लागतात. दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं त्या पहिल्या भागाला २८, सादरीकरणाला ४०, त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांना १६ आणि उच्चारांना १६. सगळ्यात मोठा वाटा सादरीकरणाचा, म्हणून तयारीचा जोरही त्यावरच असतो. पुण्यात बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनाच्या किंवा रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेलात, तर अख्खंच्या अख्खं भाषण पुटपुटणारं कोणी ना कोणी दिसेलच. नेमकी तीच पद्धत दगा देते.

पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो. प्रत्येक वाक्य पुढच्याला ओढून आणतं, त्यामुळे मधली एक कडी निसटली की पुढचं सगळं अडतं. शिवाय परीक्षेत दोन विषय समोर येतात आणि त्यातला एक निवडायचा असतो. घरी घोटलेला विषय त्यात असेलच असं नाही.

बोलताना डोक्यात काय चालतं, याचा आराखडा विलेम लेव्हेल्ट या डच मानसभाषाशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडला. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग त्याला शब्द आणि व्याकरण मिळतं, मग ते तोंडातून बाहेर पडतं. मातृभाषेत मधली पायरी जवळजवळ आपोआप होते. परक्या भाषेत तिथेच सगळं लक्ष खर्ची पडतं आणि त्या क्षणी लक्षात धरून ठेवायची जागा फार तोकडी असते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही मर्यादा साधारण चार गोष्टींची असल्याचं मांडलं. विचार, शब्द, आर्टिकल आणि क्रियापदाची जागा यांतच चार झाल्या. त्यात इंग्रजीतून भाषांतर ही पाचवी घुसली की वाक्य मध्येच लटकतं.

खरं तर मराठी माणसाला इंग्रजीच्या वळशाची गरजच नाही. 'वाइल इश इन पुणे वोने' हे वाक्य घ्या. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, इन पुणे म्हणजे पुण्यात, वोने म्हणजे राहतो. 'कारण मी पुण्यात राहतो.' क्रम तोच, क्रियापद शेवटी. 'दास डी मेट्रो श्नेल इस्ट' म्हणजे 'की मेट्रो जलद आहे', इथेही तेच. 'झाइट' म्हणजे 'पासून'. पुण्यात २०२२पासून मेट्रो आहे, हे आपण वर्तमानकाळातच म्हणतो आणि जर्मनही वर्तमानकाळातच म्हणतो. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी मात्र काळात अडकतो. अंकांचंही तसंच. बेचाळीसमध्ये आपण आधी दोन म्हणतो, मग चाळीस. जर्मनचं 'त्स्वाइ-उन्ट-फिअर्त्सिश' त्याच चालीचं आहे.

फसगत होते ती मुख्य वाक्यात. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हटून बसतं, मग पहिल्या जागी काहीही असो. 'आज मला बोलायचं आहे' या धाटणीवर 'हॉयटे इश म्योश्टे' असं म्हणून जातो आपण. बरोबर आहे 'हॉयटे म्योश्टे इश'. 'आधी मी बोलतो' यासाठी 'त्सुएर्स्ट इश श्प्रेशे'ही चूक, 'त्सुएर्स्ट श्प्रेशे इश' बरोबर. सादरीकरणाची पहिली दोन वाक्यं बहुधा 'आज' आणि 'आधी' यांनीच सुरू होतात. म्हणजे ही चूक परीक्षकांच्या कानावर पहिल्या दहा सेकंदांत पडते. एवढी दोन वाक्यं मात्र खुशाल पाठ करा.

तयारीला १५ मिनिटं मिळतात, मोबाइल आणि शब्दकोश बाहेर ठेवून. त्यातली ९-१० सादरीकरणाला द्या, उरलेली पहिल्या भागाला. कागदावर फोलिएन, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड्स, पाच असतात (एक असेल तर फोली): विषयाची आणि मांडणीची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे आणि स्वतःचं मत, शेवटी समारोप आणि आभार. तीन मिनिटांची वाटणी साधारण २५, ४०, ४५, ५५ आणि १५ सेकंद अशी जमते. ओळखीवरच मिनिट घालवलं, तर चौथ्या फोलीला पोचेपर्यंत वेळ संपत आलेला असतो. चौथीवर आणखी एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे स्वतःचं मत. फायदे-तोटे मोजून लोक थांबतात.

कागदावर वाक्यं लिहू नका. लिहिली की नजर खाली जाते आणि वाचन सुरू होतं. परीक्षेत अपेक्षा मोकळं बोलण्याची आहे. समजा विषय 'गाडी की सार्वजनिक वाहतूक' असा निघाला. दुसऱ्या फोलीसमोर एवढंच पुरे: हिंजवडी, बस, दीड तास, 'बिन ... गेफारन' (म्हणजे 'गेलो'). त्यातलं 'बिन' गोल करून ठेवा, कारण प्रवासाच्या क्रियापदाला भूतकाळात 'हाबे' लावण्याची चूक घाईत होतेच. चौथीसमोर 'फोरटाइल (फायदा): श्नेल, दास ... इस्ट' असं लिहिलं की क्रियापदाची शेवटची जागा डोळ्यांसमोर राहते.

सरावासाठी भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी लिहिलेली ४-३-२ पद्धत उत्तम. तेच भाषण एका श्रोत्याला ४ मिनिटांत सांगायचं, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २. श्रोता बदलल्याने मजकूर रटाळ होत नाही आणि वेळ आकसल्याने अडखळणं कमी होतं. श्रोते नसतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. फक्त दर वेळी कागदावरची टिपणं नव्याने काढा. आठवून काढण्याचे कष्ट पडले तरच गोष्ट पक्की होते, नुसतं पुन्हा वाचून नाही.

उच्चारांच्या १६ गुणांतही मराठी कामी येते. 'त्सुएर्स्ट'मधला त्स आपल्या 'चूल'मधला दंत्य च आहे, तो हिंदीत नाही. 'यूबर'चा, म्हणजे 'बद्दल'चा, पहिला स्वर मात्र मराठीत नाही: तोंडात 'ई' म्हणा आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करा. 'इश'मधला शेवटचा आवाजही खरा श नव्हे. 'ही' नुसत्या श्वासावर, कुजबुजत म्हणून पाहा, तो त्याच्या बराच जवळ जातो.

आभार मानले की सुटलो असं वाटतं, पण जोडीदाराला तुमच्या भाषणावर अभिप्राय देऊन प्रश्न विचारायचा असतो आणि परीक्षकही एक विचारतात. नंतर जोडीदाराच्या भाषणावर तुमचीही तीच पाळी येते. म्हणून तो बोलत असताना आपल्याच टिपणांत डोकं घालून बसू नका. त्याच्या भाषणातला एक शब्द पकडा आणि 'वारूम'ने, म्हणजे 'का'ने, प्रश्न तयार ठेवा.