चाचणी हाताशी होती, तरी बायका का थांबल्या?

स्तनाचा कर्करोग घराण्यात उतरतो, ही शंका जुनीच. फ्रान्सचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या माहेरची वंशावळ मांडून कोणत्या पिढीत कोण कर्करोगाने गेलं ते नोंदवलं होतं. पण त्या वंशावळीतल्या कोणत्या लेकीने काळजी घ्यायची आणि कोणती निर्धास्त राहू शकते, हे सांगायला पुढची सव्वाशे वर्षं काही साधन नव्हतं. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांच्या अभ्यासातून हा धोका पुढच्या पिढीत नेणारं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि वर्षभरात बीआरसीए-२ हे जनुक हाती लागलं; यांपैकी एकात दोष असला, तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्याही कर्करोगाचा धोका खूप वाढतो. १९९६ पासून अमेरिकेत हा दोष शोधणारी चाचणी विकतही मिळू लागली.

चाचणी येण्याआधी घरात कर्करोग पाहिलेल्या अमेरिकी बायकांना विचारलं जाई, तेव्हा बहुतेकजणी करून घेऊ म्हणत. प्रत्यक्षात वेगळंच घडलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कुटुंबांतल्या २७९ स्त्री-पुरुषांपुढे बीआरसीए-१ चा निकाल जाणून घेण्याचा पर्याय ठेवला होता. तो मागणारे निघाले ४३ टक्के.

बाकीच्यांना भित्रं ठरवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. सदोष जनुक निघालं तर पुढे काय, याला तेव्हा डॉक्टरांकडेच पक्कं उत्तर नव्हतं. निरोगी स्तन आधीच काढून टाकल्याने धोका किती कमी होतो, याचा भक्कम पुरावा १९९९ मध्ये आला. अंडाशयांच्या शस्त्रक्रियेबाबतचा २००२ मध्ये. शिवाय अमेरिकेत आरोग्य विमा बहुधा नोकरीला बांधलेला. निकाल विमा कंपनीला कळू नये म्हणून खिशातून पैसे भरणाऱ्याही होत्या. विमा आणि नोकरीतला असा भेदभाव रोखणारा संघराज्याचा कायदा २००८ मध्ये झाला. आयुर्विमा मात्र त्यातही बाहेरच राहिला.

अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू बायकांचा पेच आणखी खोल होता. टे-सॅक्ससारख्या (मज्जासंस्थेच्या) आनुवंशिक आजारांच्या तपासणीसाठी या समाजातल्या लोकांनी आधी दिलेले रक्ताचे नमुने साठवलेले होते. १९९५ मध्ये ते तपासल्यावर बीआरसीए-१ मधला एक ठरावीक दोष साधारण शंभरात एकाकडे सापडला. पुढे असे तीन दोष मिळून चाळिसात एक, असं प्रमाण समोर आलं. ज्यांच्या आई-वडिलांच्या पिढीने वंशाच्या नावाखाली झालेला नरसंहार सोसला होता, त्यांना ‘ज्यूंचं जनुक’ असे मथळे वाचून काय वाटलं असेल? तरीही याच समाजातल्या स्त्री-संघटना भेदभावविरोधी कायद्यासाठी पुढे आल्या.

मे २०१३ मध्ये हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने बीआरसीए-१ मधल्या दोषामुळे आपण दोन्ही स्तन आधीच काढून घेतल्याचं जाहीर लिहिलं. नंतरच्या पंधरा कामकाजी दिवसांत अमेरिकेत या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. महिन्याभरातच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकावर पेटंट घेता येत नाही असा निकाल दिला आणि या चाचणीवरची एका कंपनीची मक्तेदारी मोडली. प्रसिद्धी जोलीला मिळाली. माझ्या मते न्यायालयाचा निकाल अधिक दूरगामी होता. २०१४ च्या अखेरीस हा दोष असलेल्यांसाठीच्या ओलापॅरिब या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हापासून अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाला याच चाचणीतून औषधाचीही दिशा मिळू लागली.

आपल्याकडे जनुकीय भेदभावाविरुद्ध वेगळा कायदा नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून सरसकट ‘जनुकीय विकार’ वगळणं भेदभावाचं ठरवलं, पण मुलीचं स्थळ मोडेल ही धास्ती कोणत्या न्यायालयात मांडायची? त्यातून हा दोष फक्त आईकडूनच येतो, असा समज; वडिलांकडूनही तो तितकाच येऊ शकतो, त्यामुळे आत्याचा आजार विचारायचाच राहतो. आणि शक्यतो चाचणी आधी कर्करोग झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणजे घरातला दोष नेमका कोणता ते कळतं. म्हणून निरोगी लेकीला स्वतःबद्दल नीट काही कळायचं, तर आधी आजारी आईने किंवा मावशीने हो म्हणावं लागतं.