हवेला वर्दी न देता

कडकलक्ष्मी दारात येते तेव्हा पोतराज आसूड डोक्यावरून गरकन फिरवतो, मनगटाला झटका देतो आणि गल्लीभर ‘फाट्’ असा आवाज घुमतो. तो आवाज आसूड अंगावर बसल्याचा नसतो. दोर कशालाही न लागता हवेतच वाजतो. मुठीपाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या दोरातून एक वळसा पुढे पळत जातो. दोर जसा बारीक होत जातो, तशी तीच ऊर्जा कमी वजनाच्या वाट्याला येते आणि वेग चढत जातो. हाताचा वेग सेकंदाला काही मीटर, पण शेंडा सेकंदाला ३४० मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे आवाजाला मागे टाकतो. लढाऊ विमानाच्या धडाक्याचे मूळही हेच आहे.

आवाज म्हणजे हवेच्या एका थराने पुढच्या थराला दिलेला धक्का. विमान हवेतून जाताना त्याच्या नाकापुढची हवा दाबली जाते आणि त्या दाबाची वर्दी आवाजाच्या वेगाने पुढे जाते. वर्दी मिळालेली हवा आधीच बाजूला सरकू लागते. विमान आवाजाहून वेगात असेल तर वर्दी पुढे पोचतच नाही. हवेला विमान कळते ते थेट अंगावर आल्यावरच. तिला बाजूला व्हायला वेळ उरत नाही, म्हणून दाब, तापमान आणि घनता एका अतिशय पातळ थरात एकदम उसळतात. त्या थराला शॉकवेव्ह म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते.

आवाजाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. हवेत तो जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो. कोल्हापुरात मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश तापमान असेल तर आवाज ताशी सुमारे १२७० किलोमीटरने जातो, आणि थंडीतल्या १५ अंशांच्या पहाटे १२२५ ने. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंश असते, तिथे हा वेग १०६२ वर येतो. म्हणून ताशी ११५० किलोमीटरने जाणारे विमान उजळाईवाडीच्या धावपट्टीलगत आवाजाच्या मागे असेल, आणि त्याच वेगाने वर उंचावर गेले तर आवाजाच्या पुढे. वैमानिकाला किलोमीटरपेक्षा गुणोत्तर महत्त्वाचे ते यामुळे. विमानाचा वेग भागिले तिथल्या आवाजाचा वेग, म्हणजे मॅक अंक. हे नाव अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे. त्यांनी आणि पीटर साल्खर यांनी १८८७ मध्ये धावत्या गोळीपुढच्या शॉकवेव्हची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती.

गोळी आवाजाच्या पुढे जाते हे तेव्हापासून माहीत होते. मग आवाजाच्या वेगासाठी ‘भिंत’ हा शब्द आला कुठून? तो आला विमानांच्या अपघातांतून, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. विमान मॅक ०.८ ला असताना पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानापेक्षा वेगात असते. तिथे ती मॅक १ ओलांडते, आणि विमान अजून आवाजाच्या मागे असतानाच पंखाच्या पाठीवर शॉकवेव्ह उभी राहते. तिच्या मागची हवा पंखापासून सुटते. विमान थरथरू लागते, हवेचा विरोध कित्येक पटींनी वाढतो. पंखाला मिळणाऱ्या उचलीचा मध्य पुढच्या पाव भागातून पंखाच्या मधोमध सरकतो, त्यामुळे नाक खाली झुकते. वैमानिक नाक उचलायला दांडी ओढतो, तर दांडी हलतच नाही किंवा हलली तरी विमान दाद देत नाही. कारण शेपटीच्या आडव्या पंखाची मागची हलती पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, शॉकवेव्हच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत असते. पट्टी हलवल्याचा परिणाम शॉकवेव्ह ओलांडून पुढच्या भागापर्यंत पोचत नाही. नाक झुकते, वेग आणखी वाढतो, शॉकवेव्ह आणखी तीव्र होते. दुसऱ्या महायुद्धात सूर मारणारी कित्येक विमाने याच चक्रात सापडली. सप्टेंबर १९४६ मध्ये जेफ्री डी हॅविलंड हे ब्रिटिश चाचणी वैमानिक अशाच वेगाच्या चाचणीत विमान हवेतच तुटून मृत्युमुखी पडले.

१४ ऑक्टोबर १९४७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटावर चक येगर यांनी बेल एक्स-१ मधून मॅक १.०६ गाठला. उंची सुमारे १३ किलोमीटर, वेग ताशी ११२७ किलोमीटर. मे महिन्यात कोल्हापूरच्या जमिनीलगत एवढा वेग मॅक ०.९ च्याही आतच राहिला असता. या विमानाची यशाची कारणे साधी आणि नेमकी होती. पोटाचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा, कारण गोळी त्या वेगात स्थिर राहते हे ठाऊक होते. पंखाची जाडी त्याच्या रुंदीच्या फक्त ८ टक्के आणि शेपटीची त्याहून कमी, ६ टक्के, म्हणजे पंख आणि शेपटी एकाच वेळी बिघडणार नाहीत. अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारे चार नळ्यांचे रॉकेट. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे शेपटीचा अख्खा आडवा पंखच वळवण्याची सोय. मॅक ०.९४ च्या आसपास एलिव्हेटर निकामी झाल्यावर येगर यांनी अख्खी शेपटीच अंशाच्या काही भागाने हलवून विमान ताब्यात ठेवले. आजच्या जवळजवळ प्रत्येक स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगाने जाणाऱ्या, लढाऊ विमानाची शेपटी, जिथे ती असते तिथे, अशी संपूर्ण हलणारी असते. मॅक १ च्या पलीकडे गेल्यावर थरथर शमली. भिंत होती ती फक्त ०.८ ते १.२ च्या दरम्यानच्या पट्ट्यात.

पट्टा ओलांडायला आकार आणि रेटा दोन्ही लागतात. मागे वळवलेले पंख शॉकवेव्ह लांबणीवर टाकतात, ही कल्पना जर्मनीच्या अडॉल्फ बुझमान यांनी १९३५ मध्येच मांडली होती. अमेरिकेचे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९५२ मध्ये दाखवले की नाकापासून शेपटीपर्यंत विमानाचा आडवा छेद हळूहळू वाढून हळूहळू कमी झाला पाहिजे. पंख सुरू होतात तिथे धडाची कंबर बारीक करायची. अशी कंबर नसलेले वायएफ-१०२ हे अमेरिकी लढाऊ विमान सरळ उड्डाणात मॅक १ ओलांडू शकत नव्हते, आणि कंबर आवळलेल्या नव्या रूपाने डिसेंबर १९५४ मध्ये ते सहज ओलांडले. आपल्या एचएफ-२४ मरुतची गोष्ट उलटी आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेल्या या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये झाले. आकार उत्तम होता, पण दोन ऑर्फियस इंजिने प्रत्येकी सुमारे २२०० किलोचाच रेटा देत. मॅक २ साठी आखलेले विमान मॅक १ शी झगडत राहिले, याची हळहळ आजही वाटते. तेजसने १ ऑगस्ट २००३ रोजी आवाजाचा वेग ओलांडला.

उष्णतेचाही हिशेब धरावा लागतो. मॅक २ ला काँकर्ड या प्रवासी विमानाच्या नाकाचे तापमान १२७ अंशांपर्यंत चढे आणि ६२ मीटर लांबीचे विमान उड्डाणात १५ ते २५ सेंटीमीटर लांबे. उद्यमनगरात लेथवर शतांश मिलिमीटरसाठी डोळ्यांत तेल घालणाऱ्यांना अशा विमानाच्या सांध्यांची अडचण लगेच कळेल.

आता धडाक्याबद्दल. विमानाने ‘भिंत फोडली’ त्या क्षणी एकदाच धडाका होतो, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. रंकाळ्यात होडी वेगाने गेली की तिच्यामागे लाटांची पाचर तयार होते आणि होडी धावते आहे तोवर पाचरही मागोमाग धावते. काठावरच्या माणसाला लाट एकदाच लागते, पण काठाच्या प्रत्येक जागी लागते. स्वनातीत विमान असाच शॉकवेव्हचा शंकू ओढत नेते. मॅक १.४ ला त्याची बाजू उड्डाणाच्या रेषेशी सुमारे ४५ अंश करते. समजा असे विमान १८ किलोमीटर उंचीवरून बिंदू चौकाच्या बरोबर वरून पन्हाळ्याच्या दिशेने गेले. चौकात धडाका ऐकू येईल तेव्हा सुमारे ४४ सेकंद झालेले असतील आणि विमान पन्हाळ्यावर असेल. (वरची थंड हवा आवाजाची वाट वाकवते, म्हणून प्रत्यक्षात थोडा फरक पडेल.) वैमानिकाला मात्र काहीच ऐकू येत नाही.

काँकर्डच्या धडाक्याने जमिनीवर दाब सुमारे ९३ पास्कलने वाढे. आपण जिन्याने अडीच मजले उतरलो तर दाब तेवढाच वाढतो. फरक इतकाच की इथे तो काही हजारांश सेकंदात वाढतो, आणि तावदाने खडखडतात ती त्यामुळे. एक शॉकवेव्ह नाकाची, दुसरी शेपटीची, म्हणून धडाके दोन. लढाऊ विमानात त्यांतले अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे असते आणि कान पुष्कळदा एकच ऐकतो. मे २०२० मध्ये बेंगळुरूत असाच आवाज झाला तेव्हा विमान शहराबाहेर, ३६ ते ४० हजार फुटांवर होते. ६५ ते ८० किलोमीटरवरूनही असा धडाका ऐकू येऊ शकतो, असे त्या वेळी संरक्षण खात्याने सांगितले होते.

कोल्हापूरकराला असा हादरा बसला की आधी कोयना आठवते. फरक ओळखता येतो. धडाक्यात आवाज आणि तावदानांची थरथर एकाच क्षणी येते आणि सेकंदाच्या आत संपते. भूकंपात जमीन, पलंग, टांगलेला दिवा काही सेकंद हलत राहतात. दुसरी खूण फोनवरून मिळते. भूकंपाच्या पहिल्या लाटा सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जातात, म्हणजे कोल्हापूर आणि इचलकरंजी यांना हादरा फार तर चार-पाच सेकंदांच्या फरकाने बसतो. विमान कोल्हापूरहून इचलकरंजीकडे मॅक १.४ ने जात असेल, तर तिथे धडाका पोचायला जवळजवळ एक मिनिट लागेल.